सायटिका: कंबरेतून निघालेली कळ पायात मुक्कामाला आली आहे

पायवाट

नमस्कार. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, पण बसून सलग लिहिणं जमत नाही म्हणून राहून जात होतं. आज उभ्यानेच लिहिते आहे, कपाटाच्या कप्प्यावर लॅपटॉप ठेवून, मध्ये मध्ये थांबत.

चौदा महिने झाले. एका सकाळी उठल्या उठल्या बादली उचलायला वाकले आणि कंबरेत उसण भरली. चार दिवसांत उतरली, बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात डाव्या कुल्ल्यात खोलवर दुखायला लागलं. तिथून ते मांडीच्या मागून उतरलं, पोटरीच्या बाहेरच्या कडेने पावलावर आलं आणि अंगठ्याशी थांबलं. कंबर तोवर दुखायची थांबलीसुद्धा होती. एमआरआयमध्ये दिसलं की कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी डावीकडे बाहेर आली आहे आणि पाचव्या नसेच्या मुळावर टेकली आहे. डॉक्टरांनी समजावलं की सायटिक नर्व्ह ही शरीरातली सगळ्यात जाड नस, कंबरेच्या मणक्यांतून आणि माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीतून निघालेली पाच मुळं मिळून ती होते. दाब मुळाशी आला तरी दुखतं ते त्या मुळाच्या वाटेवर, म्हणून बिघाड कंबरेत आणि कळ अंगठ्यात.

आणि हे दुखणं एका जातीचं नाही, ते सांगता सांगताच दमायला होतं. एक सततचा ठणका, दाढ ठणकते तसा, पण पोटरीत. दुसरी चमक: शिंक आली, खोकला आला, जोर करावा लागला की कुल्ल्यातून पायात करंट सुटतो. तिसरा बधिरपणा, पावलावर जाड मोजा घातल्यासारखा. आणि चौथं कुणालाच पटत नाही. त्याच बधिर पावलाला रात्री पांघरुणाचा नुसता स्पर्श सोसत नाही. मी पाय पांघरुणाबाहेर काढून झोपते, थंडीतही.

परवा मैत्रिणीकडे सगळ्या जमलो होतो. बाकीच्या बसलेल्या, मी दाराच्या चौकटीला टेकून दीड तास उभी. निघताना एकीने फार मायेने विचारलं, "अजून आहे का गं ते? दिसतेस तर छान." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. घरी येऊन मात्र मी रडले.

ज्यांचं महिनोन्महिने, वर्षानुवर्षं चाललं आहे त्यांनी लिहावं. बसण्याचं काय करता? रात्रीचं काय करता? गोळ्या किती दिवस घेतल्या? ऑपरेशन केलेल्यांना आता कसं वाटतं? आणि मुख्य म्हणजे, हे जाणार नाही असं वाटायला लागतं तेव्हा काय करता?

उभाच

ताई, तुमचं वाचून धीरही आला आणि भीतीही वाटली. माझा आज नववा दिवस. उजवा पाय. आरशात पाहिलं तर मी एका बाजूला झुकलेला दिसतो, सरळ उभंच राहता येत नाही. पँट घालताना भिंत धरावी लागते. सगळे सांगतात, तीन आठवडे पाठ टेकून पडून राहा, हलू नकोस. पण पडून राहिलो की उठताना जीव जातो. काय करू? वय ३१.

हिरवा चाफा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सतरा वर्षं याच कामात आहे. पायवाटताईंना सावकाश लिहीन, आधी उभाच यांना उत्तर देते, कारण सुरुवातीच्या दिवसांत काही गोष्टी माहीत असाव्याच लागतात.

आधी धोक्याचं. लघवी अडकणं, किंवा लागल्याचं कळतच नसणं. शौचावरचा ताबा जाणं. जांघेत आणि गुदद्वाराभोवती, सायकलची सीट जिथे टेकते तेवढ्या भागात बधिरपणा. दोन्ही पायांत एकदम कळ किंवा अशक्तपणा. यातलं एक जरी नव्याने सुरू झालं तरी सकाळची वाट पाहायची नाही, त्याच घटकेला इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जायचं. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि तिथून नसांचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा खाली उतरतो. त्याचं वैद्यकीय नावही तेच, कॉडा इक्वायना, घोड्याची शेपूट. तो जुडगा दाबला गेला तर ऑपरेशन तासांच्या हिशेबात करावं लागतं, उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लोक संकोचाने हे डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगा, कृपा करून सांगा. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा जोरात पडला असाल, तर तेही लपवू नका.

आता पडून राहण्याचं. १९९९ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी सायटिकाचे १८३ रुग्ण घेतले. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात पडून राहायला सांगितलं, निम्म्यांना जमेल तसं हिंडायला-फिरायला. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतल्या ८७ टक्के लोकांना बरं वाटत होतं. म्हणजे पडून राहून काही जास्तीचं पदरात पडलं नाही. कळ असह्य असेल तेव्हा दोन दिवस जास्त पडलात तर बिघडत नाही. पण तीन आठवडे नको. घरातल्या घरात दर तासाला पाच मिनिटं चाला, वेडंवाकडं झुकून चालावं लागलं तरी चालेल. ते झुकणं म्हणजे शरीर नसेवरचा दाब चुकवतं आहे, कळ उतरली की बहुतेकांचं आपोआप जातं. उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, खांदा आणि खुबा एकदम, ओंडका लोटतात तसे, मग पाय खाली सोडा आणि हाताने रेटून बसते व्हा.

आणि एक तपासणी आज घरीच करा. भिंतीशी उभं राहून आधी टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा पावलं. मग बसून दोन्ही पायांचे अंगठे वर ताणून धरा आणि घरातल्या कुणाला तरी ते बोटाने खाली दाबायला सांगा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, ते मला कळवा.

दुपार

माझ्या मामेभावाची नस एकाने कंबरेला झटका देऊन बसवली होती. दोन दिवसांत चालायला लागला. इतके दिवस सोसण्यापेक्षा ते करून पाहायला काय हरकत आहे?

उभाच

चवड्यांवर चाललो, दुखलं पण जमलं. टाचांवर चालताना उजवं पाऊल खाली पडतं आहे. अंगठा बायकोने एका बोटाने खाली दाबला, मला धरून ठेवता आला नाही. डावा तिला दाबता आला नाही. मला हे लक्षातच आलं नव्हतं, मी दुखण्याकडेच बघत होतो.

हिरवा चाफा

उभाच, घाबरू नका, पण उद्याच स्पाइनच्या डॉक्टरांना दाखवा. "दुखतंय" एवढंच सांगू नका. "पाऊल वर उचलण्याची ताकद कमी झाली आहे" असं स्पष्ट सांगा. या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. लघवीचं विचारलं नाही, ते सगळं ठीक आहे ना?

दुपार, तुमच्या मामेभावाला बरं वाटलं याचा आनंद आहे, पण मी हरकत घेणार. गादी म्हणजे जागेवरून निसटलेली फरशी नव्हे की ठोकली आणि बसली. गादीच्या कडेला चिवट तंतूंची वर्तुळं असतात आणि आत मऊ गर. कडा चिरली की गर बाहेर येतो आणि नसेच्या मुळाला नुसता दाबतच नाही, तिथे सूजही आणतो. टूथपेस्ट नळीत परत जात नाही तसा तोही परत आत जात नाही. त्याचं होतं वेगळंच: शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी बाहेर आलेला तुकडा हळूहळू खाऊन टाकतात. आणि गादीपासून पूर्ण सुटलेला मोठा तुकडा पुष्कळदा छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त विरघळतो. बहुतेक लोक सहा ते बारा आठवड्यांत सावरतात ते यामुळे. त्या काळात ज्याच्याकडे गेलात त्याला श्रेय मिळतं. पण ज्याच्या पायाची ताकद उतरते आहे त्याच्या कंबरेला झटका देणं ही जोखीम आहे आणि ती मी कुणालाही घेऊ देणार नाही.

दुपार

पटलं. ताकदीचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. माझा सल्ला मागे घेतो.

काठावर

ऑपरेशनबद्दल विचारलं आहे म्हणून लिहितो. माझी पाचव्या मणक्याखालची गादी. कळ मांडीच्या मागून टाचेपर्यंत आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या बाजूने. उजव्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना. घोट्याच्या मागे हातोडी मारली की पाऊल हलतं ना, ते हलेना. अकरा आठवडे वाट पाहिली आणि मग मायक्रोडिसेक्टॉमी केली, म्हणजे बाहेर आलेला तुकडाच तेवढा काढला.

शुद्धीवर आलो तेव्हा पायातली कळ नव्हती. कापल्याजागी दुखत होतं, पण ती पायातली कळ गेलेली होती. मी नर्सला तीनदा विचारलं की भुलीचा परिणाम आहे का. बधिरपणा मात्र राहिला. सर्जननी आधीच सांगून ठेवलं होतं की दुखणं लवकर जाईल, ताकद सावकाश येईल, बधिरपणा सगळ्यात शेवटी जाईल किंवा थोडा राहीलही. नस नव्याने वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कंबरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा म्हणजे कळेल. मला चवड्यावर उभं राहायला सात महिने लागले. करंगळी आजही अर्धवट माझी आहे.

ज्यांची ताकद शाबूत आहे आणि फक्त दुखणं आहे त्यांनी घाईने ठरवू नये असं मला वाटतं. मीही पुष्कळ वाचून ठरवलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्याच एका अभ्यासात तीव्र सायटिकाचे २८३ रुग्ण होते, काहींचं ऑपरेशन लवकर केलं, काहींना थांबायला सांगितलं. वर्षाअखेर दोन्हीकडचे ९५ टक्के लोक बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, हेही खरं. ज्यांचं लवकर झालं त्यांची कळ लवकर गेली. म्हणजे विकत घेता येतो तो वेळ. कुणाला तो वेळ फार मोलाचा असतो, नोकरी जायची वेळ आलेली असते, घरात लहान मूल असतं. त्यात चूक-बरोबर कुणी ठरवू नये.

जुनेजाणते

पायवाट, तुमचा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी आहे असं धरून लिहितो. वय ६४. दुखण्याला अकरा वर्षं झाली.

आधी एक सांगतो, सगळ्यांचा सायटिका सारखा नसतो. माझी गादी बाहेर आलेली नाही, नसांची वाटच अरुंद झाली आहे, वयामुळे. स्टेनोसिस म्हणतात त्याला. मला बसलं की बरं वाटतं, तुम्हाला बसवत नाही. मला दहा मिनिटं चाललं की पाय भरून येतात, ढकलगाडी धरून पुढे वाकून चाललो की अर्धा तास चालतो. हे न कळल्यामुळे मी वर्षभर पालथं पडून मागे वाकायचे व्यायाम करत होतो, कारण शेजाऱ्याला त्यानेच गुण आला होता. माझं दुखणं त्याने वाढतच गेलं. व्हिडिओ बघून व्यायाम उचलू नका. आपल्याला वाकून आराम पडतो की ताठ होऊन, हे आधी बघा.

गोळ्यांचं. मला प्रीगॅबालिन सुरू झाली होती. पहिले काही आठवडे मी घरात भेलकांडत होतो, वजन वाढलं, पावलं सुजली, शब्द आठवेनात. कुणाला ती लागू पडत असेल, मधुमेहाच्या नसांच्या दुखण्यात तिचा उपयोग होतो. पण खास सायटिकासाठी तिची परीक्षा झाली आहे. २०१७ साली ऑस्ट्रेलियात २०९ जणांवर, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना बिनऔषधाची. पायाच्या कळेत फरक पडला नाही, चक्कर मात्र खऱ्या गोळीवाल्यांना जास्त. हे वाचून मी एका रात्रीत गोळी बंद केली आणि चार दिवस झोप नाही, घाम, घालमेल. असं अजिबात करू नका. डॉक्टरांशी बोलून, उतरत्या मात्रेने सोडा. मी पुढे तशीच सोडली.

आता जगण्याचं. मी फार वर्षं एक चूक करत होतो. बरं वाटलं की सगळी कामं एका दिवसात उरकायची आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं. मग बरं वाटेपर्यंत वाट पाहायची आणि पुन्हा तेच. एका पेन क्लिनिकमधल्या बाईंनी मला वही घालायला लावली. किती मिनिटं चाललं की पाय बोलायला लागतो ते आठ दिवस लिहा. माझे नऊ-दहा मिनिटं यायचे. त्या म्हणाल्या, आता सहा मिनिटं चाला. चांगल्या दिवशी सहा आणि वाईट दिवशीही सहा, मग बसा, मग पुन्हा सहा. मला तो अपमान वाटला होता. चांगल्या दिवशी सहाव्या मिनिटाला थांबणं हे वाईट दिवशी चालण्यापेक्षा अवघड आहे, करून बघा. दर आठवड्याला एक मिनिट वाढवलं. दहा आठवड्यांनी मी सोळा मिनिटं चालत होतो आणि आडवं पडण्याचे दिवस महिन्यातून दोनवर आले. दुखणं तेवढंच होतं. माझा दिवस मात्र मला परत मिळाला.

त्यांनीच सांगितलं की इतकी वर्षं दुखलं की नसा आणि मेंदू जास्तच जागरूक होतात, थोड्याशा खुणेलाही मोठी घंटा वाजवतात. पांघरूण टोचतं ते त्यामुळेच, तुम्ही काही मनाने रचलेलं नाही.

रातराणी

मी रुग्ण नाही, माझ्या यजमानांना सहा वर्षं आहे. आम्हा घरच्यांचं थोडं सांगते.

सुरुवातीला मी दिवसातून दहा वेळा विचारायचे, "आता कसं वाटतंय?" एकदा ते चिडून म्हणाले, "तू विचारलंस की मला पुन्हा पायाकडे बघावं लागतं." मला ते फार लागलं. पण विचारलं नाही तर कळणार कसं? मग आम्ही एक ठरवलं. त्यांच्या खुर्चीवर एक छोटी निळी उशी असते, कंबरेमागे घ्यायची. वाईट दिवस असेल तर ते ती उचलून टेबलावर ठेवतात. उशी टेबलावर दिसली की मी काही बोलत नाही, संध्याकाळचं बाहेरचं काम माझ्याकडे घेते आणि मुलंही हळू बोलतात. मुलांना न सांगता समजलं आहे ते.

झोपण्याचं: कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी, वरचा पाय पुढे पडू नये इतकी. पाठीवर झोपायचं तर गुडघ्यांखाली. पांघरूण सोसत नाही त्यासाठी आम्ही पलंगाच्या पायथ्याशी एक खोका उलटा ठेवला होता आणि पांघरूण त्याच्यावरून टाकत होतो, म्हणजे पावलाला ऊब मिळते आणि कापड टेकत नाही. पायवाट, आजच करून पाहा.

पायवाट

रातराणी, खोका ठेवला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा पाय पांघरुणात घेऊन झोपले. काय लिहू.

काका, सहा मिनिटांचं वाचून मी स्वतःला पकडलं. मीही तशीच, बरं वाटलं की कपाटं आवरायला काढते.

चाफाताई, एक विचारते. माझ्या रिपोर्टमध्ये आणखी दोन ठिकाणी गादी झिजली आहे, फुगली आहे असं लिहिलं आहे. तो कागद वाचल्यापासून मी वाकतच नाही. मूल वाकून उचलत नाही, खाली पडलेली वस्तू दुसऱ्याला उचलायला सांगते. तिन्ही मणके केव्हाही कोसळतील असं वाटत राहतं.

हिरवा चाफा

तो कागद घडी घालून ठेवून द्या. १९९४ साली कधीही कंबर न दुखलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ५२ टक्क्यांच्या निदान एका गादीला फुगवटा होता, २७ टक्क्यांची गादी तर त्याहून जास्त, एका बाजूला बाहेर आलेली. सगळ्या गाद्या ठीक असलेले जेमतेम ३६ टक्के. या लोकांना काहीही होत नव्हतं. वयाने केस पिकतात तशा गाद्या झिजतात. तुमची एक गादी तुमच्या कळेशी जुळते, बाकीच्या दोन फक्त फोटोत आल्या. आणि तुमची ताकद?

पायवाट

टाचांवर चालता येतं. अंगठाही धरता येतो, आत्ताच करून पाहिलं.

हिरवा चाफा

मग वाकायला शिकायचं आहे, टाळायचं नाही. फक्त सकाळी उठल्यावर पहिला तासभर सांभाळा. रात्रभर आडवं असताना गाद्या पाणी शोषून टम्म होतात, सकाळी आपली उंचीही थोडी जास्त भरते. त्या वेळी कंबरेतून वाकलं की गादीवर ताण जास्त येतो. तुमची बादली सकाळचीच होती ना? दुपारनंतर आधी खुर्चीवर बसून हात गुडघ्यांवरून नडग्यांवर न्यायचे, कळ पोटरीत उतरत नसेल तर पुढे. एक खूण लक्षात ठेवा. व्यायाम करताना दुखणं पावलातून वर सरकून कुल्ल्यात, कंबरेत आलं, तर तिथे जास्त दुखलं तरी ते चांगलं. कंबर बरी वाटली आणि पावलात वाढलं, तर तो व्यायाम थांबवा.

बसण्यासाठी घड्याळ लावा. काकांची पद्धत तिथेही चालते. किती मिनिटं बसवतं?

पायवाट

अठरा-वीस. मग आता बारापासून सुरू करते.

उभाच

कळवायचं राहून गेलं, माफ करा. दुसऱ्याच दिवशी दाखवलं. ताकदीचं वाक्य तुम्ही सांगितलं तसंच सांगितलं, त्यांनी तपासून त्याच संध्याकाळी एमआरआय केला. पाचवीच नस. लघवीचं सगळं ठीक होतं. त्यांनी ऑपरेशनची तारीख राखून ठेवली आणि म्हणाले, दर दोन दिवसांनी अंगठा तपासायला या, उतरला तर लगेच करू, सावरला तर थांबू. चार खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला अंगठा त्यांच्या बोटाला थोडा अडला. चौथ्या खेपेनंतर तारीख रद्द केली.

आज सहावा आठवडा. कळ गुडघ्याच्या वर आली आहे. पाऊल अजून थकलं की आपटतं. बायको रोज रात्री झोपण्याआधी अंगठा दाबून बघते, आता तिला दोन बोटं लागतात.

पायवाट

उभाच, तीन बोटांची वाट बघतोय आम्ही सगळे.

माझं: काल सव्वीस मिनिटं बसले. हे बसून लिहिलं आहे. घड्याळ वाजलं, उठते.